सरासरीच्या आड : वऱ्हाडातील प्रौढशिक्षणाचा मागोवा

प्रौढशिक्षणाचा सरकारी इतिहास भारतात साधारणपणे १९३७ पासून सांगितला जातो. वऱ्हाडात त्याची मुळे त्याहून जुनी आहेत. ती कापसाच्या बाजारात आणि सावकाराच्या वहीत सापडतात. १८५३च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. पुढच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले, त्यापाठोपाठ बडनेरा-नागपूरच्या दिशेने रेल्वे आली, आणि अमरावती-अकोल्याचा कास्तकार बघता बघता जगाच्या बाजाराला जोडला गेला. पीक जगाला विकले जाऊ लागले, पण विकणाऱ्याला त्या विक्रीचा कागद वाचता येत नव्हता. बंडी भरून कापूस घेऊन आलेल्या माणसासमोर दलाल आणि खरेदीदार कापडाखाली बोटे धरून भाव ठरवत. माप दुसऱ्याच्या हाती असे, हिशेबाची चिठ्ठीही दुसराच लिही.

या लुटीवर इंग्रजी कारभाराने कायद्याचा उपाय केला. १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडाचा कापूस व धान्य बाजार कायदा आला. बाजारावर देखरेख ठेवणारी समिती, दलाल आणि मापाऱ्यांना परवाने, ही व्यवस्था देशात प्रथम इथे बसली. शाही कृषी आयोगानेही १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या या बाजारांची दखल घेतली. माप सुधारले, वाचणारा मात्र तयार झाला नाही. बाजार समितीचा नियम भिंतीवर लागला तरी तो वाचून दाखवायला दुसरे कोणी लागत असे. नंतरच्या शंभर वर्षांत प्रौढशिक्षणाच्या ज्या योजना आल्या, त्यांच्या यशापयशाचा उलगडा बराचसा इथेच होतो. वऱ्हाडातील मोठ्या माणसाला अक्षर हवे होते ते हिशेबासाठी आणि सहीसाठी. ज्या योजनेने ही गरज ओळखली तिला माणसे आली. जिने मुळाक्षरांपासून सुरुवात करून मुळाक्षरांवरच शेवट केला, तिचे वर्ग दोन महिन्यांत ओस पडले.

कीर्तनातील शाळा

डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजेच गाडगेबाबा यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील लवकर वारले आणि मुलगा आईबरोबर आजोळी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरा गावी वाढला. मामाच्या शेतीवर सावकाराने कर्जाच्या कागदाच्या जोरावर हात मारला, हा प्रसंग गाडगेबाबांच्या बहुतेक चरित्रांत येतो. मामाला लिहितावाचता येत नव्हते. कागदावर अंगठा होता, कागदात काय आहे ते ठाऊक नव्हते. १९०५ मध्ये घर सोडून निघालेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर कीर्तनांत जे विषय घेतले त्यांत कर्ज, दारू, नवसाला बोकड कापणे, अस्पृश्यता आणि मुलांची शाळा हे सतत येत राहिले. स्वतः निरक्षर असलेल्या माणसाने निरक्षरतेविरुद्ध इतका दीर्घ प्रचार केल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पद्धत पाहण्यासारखी आहे. बाबा आधी गावात झाडू मारीत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. भाषा अस्सल वऱ्हाडी. ते प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्या गर्दीला द्यावे लागे. देवाने खाल्लेला नैवेद्य कोणी पाहिला, कर्ज काढून केलेल्या बारशा-लग्नाचे पैसे कोण फेडतो, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न असत. उत्तर देताना ऐकणारा स्वतःच आपल्या वागण्याचा हिशेब मांडत असे. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस गावात शेतमजुरांना त्यांच्याच जगण्यातल्या शब्दांवरून वाचन शिकवले आणि त्यावरची त्यांची मांडणी पुढे जगभरच्या प्रौढशिक्षणाचा पाया ठरली. वऱ्हाडातील कीर्तनाशी तिचे नाते कोणी फारसे जोडत नाही, पण ऐकणाऱ्याला उत्तर द्यायला लावण्याची युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

या स्तुतीला एक मर्यादा घालावी लागते. कीर्तनाने शिकण्याची गरज पटवली, अक्षर शिकवले नाही. रात्रभर बसलेल्या माणसाने सकाळी पोराला शाळेत घातले तरी त्याचा स्वतःचा अंगठा अंगठाच राहिला. गाडगेबाबांनी जमवलेला पैसा धर्मशाळांत, घाटांत, वसतिगृहांत आणि मुलांच्या शाळांत गेला. मोठ्यांच्या रात्रशाळा हा त्यांच्या कामाचा मुख्य भाग कधीच नव्हता. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव मिळाले. त्या विद्यापीठात आज आजीवन अध्ययन व विस्तार असा स्वतंत्र विभाग आहे.

यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी याच कामाला संघटनेची चौकट दिली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. खंजिरी भजनाला माणसे जमत, प्रार्थना सामुदायिक असे, आणि त्यातूनच ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, श्रमदान यांचे कार्यक्रम ठरत. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. गावाचे आरोग्य, शेती, निवडणुका, स्त्रियांची स्थिती, शिक्षण असे विषय घेणारा हा ग्रंथ पोथीसारखा मोठ्याने वाचला जावा अशाच बेताने लिहिलेला आहे. एक वाचतो आणि पन्नास ऐकतात, ही रचना निरक्षर समाजात नागरिकशास्त्र पोचवण्याचा फार शहाणा मार्ग होती. सरकारी वाचनमालेतला धडा आणि ग्रामगीतेचा अध्याय शेजारी ठेवले तर कोणत्या लेखकाला आपला श्रोता माहीत होता हे लगेच कळते.

तिसरे नाव पंजाबराव देशमुखांचे. पापळ गावच्या या बॅरिस्टरांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. त्याच काळात ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात शिक्षणाचे काम पाहत होते. बहुजनांच्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहे हा त्यांचा ध्यास होता. मोठ्यांसाठीचे त्यांचे योगदान शेतीच्या वाटेने आले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. तिथल्या शिवारफेरीला दरवर्षी येणारा कास्तकार वाण, खत, फवारणी यांचे शिक्षण घेऊन जातो. त्याला साक्षरतेचे प्रमाणपत्र कोणी देत नाही आणि तो मागतही नाही.

सरकार मैदानात

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आल्यावर साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या. पुढच्याच वर्षी केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने बिहारचे शिक्षणमंत्री सय्यद महमूद यांच्या अध्यक्षतेखाली प्रौढशिक्षण समिती नेमली. मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना गाजली, पण तिचा रोख मुलांवर होता. वऱ्हाडाला लागून असलेल्या वर्ध्यात मात्र वेगळा विचार आकार घेत होता. सेवाग्रामच्या १९४५ च्या परिषदेत गांधींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीचा विस्तार होऊन प्रौढशिक्षण हा तिचा एक टप्पा मानला गेला. शिक्षण गर्भापासून मरणापर्यंत चालते, ही गांधींची कल्पना त्या परिषदेत अभ्यासक्रमाच्या भाषेत आली.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने निव्वळ साक्षरतेऐवजी समाजशिक्षणाचे धोरण आले. अक्षर, आरोग्य, उद्योग, करमणूक आणि नागरिकत्व हे सारे त्याच्या पोटात घेतले होते. देशात १९५१ मध्ये साक्षरता १८.३३ टक्के होती आणि प्रौढ मतदानाचा हक्क प्रत्येकाला मिळाला होता. मत द्यायला अक्षर लागू नये म्हणून चिन्हे आली. शिक्षण मागे राहिले तरी लोकशाही अडणार नाही, याची ही चोख सोय होती. संविधानाने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणाचे आश्वासन दिले. प्रौढाच्या शिक्षणाला तशी हमी तेव्हा मिळाली नाही, आजही नाही. त्यामुळे हा विषय कायम योजनांच्या मर्जीवर राहिला. योजना आली की वर्ग भरतात, मुदत संपली की कंदील कपाटात जातात.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या तुकडीतील ५५ प्रकल्पांत अमरावती-मोर्शी-दर्यापूरचा समावेश होता. प्रत्येक गटात समाजशिक्षण संघटक नेमला गेला. त्याने वर्ग चालवायचे, वाचनालय काढायचे, भजनी मंडळ आणि महिला मंडळ उभारायचे, शिवाय रस्ता-विहिरीच्या श्रमदानाला माणसे गोळा करायची. एका माणसाच्या गळ्यात इतकी कामे पडली की वर्ग हेच सर्वांत दुबळे काम ठरले, कारण विहीर दिसते आणि वर्ग दिसत नाही. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले, चार वर्षांनी महाराष्ट्रात. नागपूरहून चालणारी व्यवस्था बदलली आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. मधल्या खांदेपालटात समाजशिक्षणाचा धागा सुटला.

साताऱ्याची मोहीम

नवी दिशा साताऱ्याहून आली. १९५९ मध्ये त्या जिल्ह्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम १९६१ पासून राज्यातील इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. भारतातील प्रौढशिक्षणाच्या इतिहासात या मोहिमेला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळत नाही. १४ ते ५० वयोगटातील निरक्षरांना लिहायला, वाचायला आणि थोडे गणित करायला शिकवायचे, तेही गावातल्याच शिक्षकाने आणि शिकलेल्या माणसांनी, वेतन न घेता. शाळा रात्री भरे, कधी देवळात, कधी चावडीत. गावकरी ग्रामदेवतेपुढे शपथ घेत. सारे गाव साक्षर झाले की गौरव समारंभ होई आणि शेजारचे गाव तो पाहायला येई.

मोहीम चालली ती या ईर्षेवर. पैसा नगण्य होता. एका प्रौढामागचा खर्च इतका कमी की नंतरच्या योजनांच्या अंदाजपत्रकांशी त्याची तुलना करणेही अवघड जाते. निरक्षर असणे हे एकट्यादुकट्याचे वैगुण्य न मानता गावाचे उणे मानले गेले, म्हणून सासूला शाळेत पाठवायला सूनच पुढे झाली. वऱ्हाडात ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नव्हते. कीर्तन, प्रभातफेरी आणि सामुदायिक प्रार्थना यांची सवय लागलेल्या गावांना रात्री एकत्र जमणे नवे नव्हते. १९७२ मध्ये युनेस्कोने या मोहिमेला साक्षरतेचे पारितोषिक दिले.

मोहिमेचा कच्चा दुवा पुढे दिसला. तीन-चार महिन्यांत आलेले अक्षर वापरात राहिले नाही तर पुसले जाते. समारंभानंतर गावात वाचण्याजोगे काय होते? फिरत्या पेट्यांतील थोडी पुस्तके आणि शाळेतला फळा. १९६७ मध्ये राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला, पण त्यानंतरही गावोगाव वाचनालये येण्यास दशके लागली. अकोल्यात आणि अमरावतीत एकोणिसाव्या शतकापासून नामांकित वाचनालये होती. ती शहरातल्या शिकलेल्यांची. धामणगावच्या किंवा बार्शीटाकळीच्या वाटेवरील खेड्यातल्या नवसाक्षराला त्यांचा उपयोग नव्हता.

पंधरा ते पस्तीस

हरितक्रांतीबरोबर १९६७-६८ मध्ये शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेचा कार्यक्रम आला. तेहरानच्या १९६५च्या जागतिक परिषदेनंतर अक्षर आणि उत्पादन यांची सांगड घालण्याचा विचार जोरात होता. संकरित बियाण्यांची पिशवी वाचता यावी, खताचे प्रमाण काढता यावे, असा त्यामागचा हेतू. कापसाच्या मुलखात हा विचार चपखल होता, पण कार्यक्रम निवडक जिल्ह्यांपुरताच राहिला.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी जनता सरकारने राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांत १५ ते ३५ वयाच्या १० कोटी लोकांना शिकवण्याचे लक्ष्य होते. तीस जणांचा एक वर्ग, सुमारे दहा महिने मुदत, आणि शिकवणाऱ्याला महिना ५० रुपये मानधन. त्या पन्नास रुपयांतून घासलेटही भागत नाही, अशी तक्रार सर्वत्र होती. सरकार बदलले, आढावा समिती बसली, वेग मंदावला.

५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. लक्ष्य ८ कोटी, मुदत १९९५, वयोगट पुन्हा १५ ते ३५. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्याने ४ फेब्रुवारी १९९० रोजी संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा केली आणि तो नमुना देशभर गेला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा साक्षरता समिती, बिनपगारी स्वयंसेवक, वातावरणनिर्मितीसाठी कलाजथे, तीन भागांची वाचनमाला आणि सुमारे २०० तासांचा अभ्यास असा साचा ठरला. महाराष्ट्रात वर्धा आणि सिंधुदुर्ग हे सुरुवातीच्या जिल्ह्यांत होते. भिंती घोषणांनी रंगल्या, पथनाट्ये झाली. मग उत्तर साक्षरता, मग निरंतर शिक्षण केंद्रे. १९९४ मध्ये अरुण घोष यांच्या समितीने अभियानाची तपासणी करताना नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे घसरत असल्याचा इशारा दिला. साताऱ्याच्या मोहिमेत जे घडले होते तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडत होते. आधीच्या योजनेचे दप्तर उघडून पाहण्याची सवय आपल्या शिक्षण खात्याला कधीच नव्हती.

वयाची अट किती निर्दय ठरली हे साध्या आकडेमोडीने दिसते. अकोला जिल्ह्यात १९४० मध्ये जन्मलेली आणि कधी शाळेत न गेलेली बाई ग्रामशिक्षण मोहीम आली तेव्हा २१ वर्षांची होती. त्या वेळी पदरात लहान मूल किंवा शेतात निंदण असेल तर संधी गेली. १९७८ मध्ये ती ३८ वर्षांची झाली, म्हणजे लक्ष्यगटाबाहेर. १९८८ मध्ये ४८. वयाची वरची मर्यादा उठवणारे साक्षर भारत अभियान २००९ मध्ये आले तेव्हा ती ६९ वर्षांची होती, आणि तिचा जिल्हा त्या अभियानात नव्हता. सध्याची योजना सुरू झाली तेव्हा तिने ब्याऐंशी गाठलेली. धोरणकर्त्यांनी १५ ते ३५ या गटावर भर देण्याचे कारण उत्पादक वय हे होते. देशाच्या उत्पन्नाचा विचार करता ते समजण्याजोगे आहे. पण बँकेत अंगठा देणारी, रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवणारी, दवाखान्यात गोळ्यांच्या रंगावरून औषध ओळखणारी म्हातारी या विचारात कुठेच बसली नाही.

सरासरी आणि मेळघाट

साक्षर भारत अभियान ८ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झाले. रोख स्त्रियांवर होता आणि निकष सरळ होता : २००१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी, ते जिल्हे पात्र. नक्षलप्रभावित जिल्ह्यांना वेगळी सवलत होती. अमरावती आणि अकोला या कसोटीला उतरत नव्हते, कारण ते फार पुढे होते. २००१ मध्ये दोन्ही जिल्ह्यांची एकूण साक्षरता ८० टक्क्यांच्या वर होती. २०११ मध्ये अमरावती ८७ टक्क्यांच्या पुढे गेली आणि अकोला ८८ च्या आसपास, राज्याची सरासरी ८२.३४ टक्के असताना. मुंबई-नागपूरसारख्या महानगरांचे वजन नसताना हे आकडे आलेले आहेत. गाडगेबाबांपासून पंजाबरावांपर्यंतच्या कामाचे, आणि खेड्यापाड्यांत पसरलेल्या शाळांचे, हे फळ मानायला हरकत नाही.

पण अमरावती जिल्ह्याच्या उत्तर अंगाला सातपुड्याच्या रांगांत धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके आहेत. मेळघाटातील या तालुक्यांचे साक्षरतेचे प्रमाण जिल्ह्याच्या सरासरीपेक्षा बरेच खाली, आणि स्त्रियांचे त्याहून खाली. शेजारी मध्य प्रदेश, बाजारात हिंदी, घरात कोरकू. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठीशी किंवा हिंदीशी तिचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ती बोलणारे सुमारे सव्वासात लाख, त्यांतले बहुसंख्य मध्य प्रदेशात. अशा माणसासमोर मराठी वाचनमाला ठेवली की त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात : लिपी, आणि जिच्यात ती लिपी शिकवली जाते ती भाषा. अमरावतीच्या मैदानी तालुक्यातला प्रौढ आपण बोलतो तेच वाचायला शिकतो. धारणीतल्या कोरकू बाईला आधी वाचनमालेचा अर्थ लावावा लागतो. दोघांना तास मात्र सारखेच दिलेले असतात.

दुसरी अडचण कॅलेंडरची. पावसाळा सरला की मेळघाटातील कुटुंबे कामासाठी मैदानात उतरतात. कापूस वेचणे, हरभरा सोंगणे, वीटभट्ट्या, बांधकाम. होळीला माणसे गावी परततात, कारण कोरकूंचा तो मोठा सण. म्हणजे शेतीची कामे कमी झाल्यामुळे प्रौढवर्गासाठी जो हंगाम सर्वत्र सोयीचा मानला जातो, त्याच हंगामात इथली गावे अर्धी रिकामी असतात. जिल्हा हे नियोजनाचे एकक धरले की यातले काहीही दिसत नाही. अचलपूर, मोर्शी, वरूडच्या आकड्यांनी धारणीचा आकडा झाकला, आणि देशातील सर्वांत मोठ्या स्त्री-साक्षरता योजनेच्या साडेआठ वर्षांत मेळघाट तिच्या बाहेर राहिला. हा निव्वळ निकषाचा दोष होता आणि तो टाळता येण्याजोगा होता. तालुका हे एकक धरले असते तरी पुरले असते.

साक्षर भारत ३१ मार्च २०१८ रोजी संपले. ज्या जिल्ह्यांत ते चालले तिथे गावातले काम पाहणाऱ्या प्रेरकांना महिना २,००० रुपये मिळत. योजना बंद झाली तशी ही रक्कमही थांबली. पुढची चार वर्षे देशात प्रौढशिक्षणाची मोठी योजनाच नव्हती.

योजनेबाहेरचे शिक्षण

या रिकाम्या काळात वऱ्हाडात मोठी माणसे शिकत नव्हती असे नाही. बचत गटांचा पसारा आधी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या आणि २०११ पासून ‘उमेद’ अभियानाच्या मार्फत वाढला होता. गटाची वही, मासिक जमा, कर्जाचा हप्ता, ठराव आणि बँकेचा अर्ज हा त्यातला अभ्यासक्रम. गटाच्या सचिव झालेल्या बाईला सही शिकावीच लागते, आणि दुसऱ्या महिन्यात व्याज काढता आले नाही तर बाकीच्या बायका गप्प बसत नाहीत. वरूड तालुका २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेतील तीन तालुक्यांपैकी एक होता. माथा ते पायथा उतार मोजणे, चराची लांबी-रुंदी काढणे, माती ओळखणे हे तिथे गावकऱ्यांनी प्रशिक्षणात घेतले. घोकंपट्टीने जे भूमितीचे धडे शाळेत डोक्यात शिरले नव्हते ते बांधावर शिरले. मेळघाटाच्या पायथ्याशी पायविहीर गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवले. जंगलाचे नियोजन, सीताफळाची विक्री, ग्रामसभेचे ठराव आणि जमाखर्च असा कारभार गावाने अंगावर घेतला. २०१४ मध्ये त्याला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरील पुरस्कार मिळाला. ग्रामसभेचा ठराव लिहिता येणे ही तिथे जंगलावरच्या हक्काची अट आहे. कोणत्याही वाचनमालेपेक्षा हे कारण मोठे ठरते.

शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने दुसरी वाट काढली. पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या मार्गाने दहावी-बारावी न झालेल्यांनाही पदवीपर्यंत जाता आले. अमरावतीला त्याचे विभागीय केंद्र आहे. पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, एस. टी. चे कर्मचारी अशा नोकरीतल्या माणसांना त्याचा आधार मिळाला.

आणि सावकाराचा कागद अजून गेलेला नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने अवैध सावकारीला शिक्षा आणि बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद केली. तक्रार मात्र लेखी करावी लागते, आणि जमीन गेली ती बहुधा न वाचता केलेल्या खरेदीखतावर. दापुऱ्याच्या मामाची गोष्ट सव्वाशे वर्षांनी कायद्याच्या कलमांत येऊन बसली.

उल्लास

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर केंद्राने २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर केला. त्यालाच पुढे ‘उल्लास’ हे नाव मिळाले. खर्च १,०३७.९० कोटी रुपये, लक्ष्य दरवर्षी १ कोटी याप्रमाणे ५ कोटी, वय १५ आणि पुढे. वरची मर्यादा नाही. देशात २०११ मध्ये १५ वर्षांवरील २५.७६ कोटी निरक्षर होते, त्यांत स्त्रिया १६.६८ कोटी. साक्षर भारतमधील प्रमाणपत्रधारक वजा जाता १८.१२ कोटी उरले, असा शासनाचा हिशेब. म्हणजे लक्ष्य पूर्ण झाले तरी एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांपर्यंत योजना पोचते.

या योजनेत शाळा हे अंमलबजावणीचे एकक आहे, आणि सारे काम स्वयंसेवकांनी विनामोबदला करायचे आहे. एकक बदलले हे चांगले झाले. शाळा धारणीच्या पाड्यावरही आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीने गाव वगळले जाण्याचा धोका कमी झाला. पण निरक्षरांचे सर्वेक्षण शिक्षकांवर सोपवले गेले आणि २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक संघटनांनी अशैक्षणिक काम म्हणून त्यावर बहिष्कार टाकला. जनगणना, निवडणूक, पोषण आहार आणि रोजची ऑनलाइन माहिती यांखाली दबलेल्या शिक्षकाची चिडचिड समजण्यासारखी आहे. मोठ्या माणसाला शिकवणे हे काम अशैक्षणिक ठरावे, ही त्यातली विसंगती मात्र राहतेच.

महाराष्ट्रात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे प्रत्येकी ५० असे १५० गुण, प्रत्येकात किमान ३३ टक्के. आजी परीक्षेला बसली, नातवाने पाटी आणून दिली, अशी छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. उत्साह खरा होता. परंतु प्रमाणपत्रानंतर काय वाचायचे, हा १९६१ चा प्रश्न २०२४ मध्येही उत्तराविना आहे. लडाख, मिझोराम, गोवा आणि त्रिपुरा यांनी अलीकडे पूर्ण साक्षर झाल्याच्या घोषणा केल्या आहेत. आज ना उद्या महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्याचीही होईल, आणि वरचे आकडे पाहता अकोला किंवा अमरावतीचे नाव त्यात येणे अशक्य नाही.

म्हणून एक काम त्याआधी व्हायला हवे. योजनेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. तोवर अमरावती जिल्हा परिषदेने साक्षरतेची आकडेवारी तालुकावार, स्त्री-पुरुष आणि वयोगट वेगळे करून दरवर्षी जाहीर करावी, धारणी आणि चिखलदऱ्यासाठी कोरकूतून सुरू होणारी वाचनमाला करून घ्यावी, आणि तिथले वर्ग होळीनंतर, माणसे गावी असताना भरवावेत. जिल्ह्याच्या सरासरीवर पूर्ण साक्षरतेची घोषणा झालीच, तर ती मेळघाटापुरती खोटी असेल.